एकाआड एक पाती

ठिणगीला वास असतो. मार्गशीर्षातली सकाळ होती. राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने येणारा ओल्या पाचोळ्याचा गारवा अजून खिडकीच्या गजांवर रेंगाळत होता, खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी फोडणीतली मोहरी तडतडत होती, आणि तुमच्या आबांच्या टेबलावरच्या ॲल्युमिनियमच्या पेटीत अचानक चट् असा आवाज झाला. झाकणाच्या फटीतून निळसर उजेड क्षणभर डोकावून गेला. मागोमाग तो वास आला, थोडा वीज कोसळून गेल्यानंतरच्या हवेचा, थोडा जळलेल्या धुळीचा, आणि तळाशी काहीतरी धातूसारखं, तांब्याच्या भांड्यातलं शिळं पाणी प्यायल्यावर जिभेवर राहतं तसं. मी हात मागे घेतला. मायक्रोफोन खाली ठेवला. सेटमधून मात्र वेंगुर्ल्याचा एक म्हातारा आवाज तुमच्या आबांना हाक मारतच होता, आणि त्याला उत्तर देणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

सई, मध्यंतरी व्हिडिओवर तू मला हातात पक्कड घेतलेली पाहिलीस आणि विचारलंस, "आजी, तू काय फिक्स करतेयस? आबांचा रेडिओ बिघडलाय?" तेवढ्यात मिहीरने कुत्र्याला उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि माझं उत्तर राहून गेलं. मी उभं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं जागच्या जागी लावण्यात घालवलं. अर्धवट राहिलेलं उत्तर मला चुकीच्या कपाटात गेलेल्या पुस्तकासारखं बोचत राहतं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि माझं सगळं शिक्षण इंग्रजीतच झालेलं आहे. पण आबांबद्दल इंग्रजीत लिहायला बसले की वाक्यं नीटनेटकी होतात आणि माणूस त्यांतून निघून जातो. म्हणून मराठीत लिहिते आहे. अडलं तर बाबाला विचारा.

आबा हौशी रेडिओवाले होते, आणि त्यांच्या मागोमाग परीक्षा देऊन मीही परवाना घेतला होता, एवढं तुम्हाला माहीत आहे. आमच्या बोरीवलीच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत एक तार ताणलेली आहे, कबुतरांना बसायला फार बारीक आणि पतंगांना अडकायला नेमकी. तीच आमची एरियल. हवी तितकी लांब ती कधीच नव्हती, कारण सोसायटीने गच्चीचा तेवढाच तुकडा आम्हाला दिला. अशी आखूड तार सेटमधून निघालेली शक्ती सुखासुखी स्वीकारत नाही, बरीचशी आल्या वाटेने परत पाठवते. दोघांमध्ये समेट घडवायला ती पेटी लागते, तिला ट्यूनर म्हणतात. आत एक तांब्याचं वेटोळं आणि दोन फिरते कंडेन्सर. कंडेन्सर म्हणजे ॲल्युमिनियमच्या अर्धचंद्राकृती, पातळ पात्यांचे दोन संच, एक स्थिर आणि एक बाहेरच्या बटणाबरोबर फिरणारा. फिरणारी पाती स्थिर पात्यांमधल्या फटींत शिरतात, बाहेर येतात, पण एकमेकांना कधी टेकत नाहीत. मध्ये फक्त हवा. नवशिक्यांना शिकवताना आबा सांगत, की जी वीज एकाच दिशेने संथ वाहते तिला ही हवा ओलांडता येत नाही. जी हेलावते, मागेपुढे थरथरते, तीच पलीकडे पोचते. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नसत, आणि तरीही ते मलाच सांगितल्यासारखं मला वाटत असे.

आमचा रविवार वेंगुर्ल्याने उजाडायचा. तिथे सामंत सर राहतात, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आबांपेक्षा वयाने बरेच मोठे. दर रविवारी सकाळी ठरलेल्या वारंवारतेवर ते आबांना हाक मारत, आणि मग दूध तापून निवेपर्यंत दोघांची बोलणी चालत: आंब्याचा मोहोर, तारांना डाग देताना करपलेली बोटं, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची नवी हुकूमशाही. सरांच्या बोलण्यात मालवणी हेल आणि वर्गातला दरारा एकत्र नांदत असत. त्यांना आम्ही कधी पाहिलं नाही. जायचं पुष्कळदा ठरलं आणि पुष्कळदा राहिलं. पण आवाजावरून माणूस इतका ओळखीचा होतो, की त्यांना सर्दी झाल्याचं मला त्यांच्या सुनेच्या आधी कळत असे.

भाद्रपदात, गौरी-गणपती गेल्यावर, आबा गेले. त्या छोट्या पडद्यावर तुम्ही दोघं बाबाला बिलगून बसला होतात, तुमच्या खिडकीत उजाडायचं होतं आणि माझ्या खिडकीत ऊन उतरत चाललं होतं. सगळं फार शिस्तीत पार पडलं. आल्यागेल्याच्या चहापासून बँकेच्या कागदांपर्यंत मी सगळं जागच्या जागी लावलं, आणि त्या शिस्तीत रडण्याला कुठे जागा ठेवायची राहून गेली ते माझ्या लक्षातही आलं नाही. फक्त रेडिओच्या टेबलाला मी हात लावला नव्हता. तिथे आश्विन गेला, कार्तिक गेला, धुळीचा एक मऊ, राखी थर बसला. मग मार्गशीर्षातल्या त्या रविवारी सुकं फडकं घेऊन बसले, आणि पुसता पुसता, दुसरं काही सुचेना म्हणून, सेट सुरू केला.

आधी ती नेहमीची खरखर आली, दूरच्या ओढ्यासारखी. मग तिच्यातून सर वर आले. आबांचं संकेतनाम त्यांनी एकेक अक्षर सुटं करून उच्चारलं; ती अक्षरं मी इथे लिहीत नाही, तुमच्या बाबाला पाठ आहेत. मग म्हणाले, "राजाभाऊ, आहेस काय रे? ओव्हर." आणि थांबले. त्या थांबण्याची लांबी मी ओळखली. आबा नेहमी चहाचा घोट गिळून मगच उत्तर द्यायचे, म्हणून सर इतरांसाठी थांबत त्यापेक्षा त्यांच्यासाठी एक घोट जास्त थांबत. तो घोटभर अवकाश रिकामा गेला. सरांनी पुन्हा हाक मारली.

आबा गेल्याचे संदेश आम्ही सगळीकडे पाठवले होते, म्हणजे त्यांना कळलंच असणार. मग ही हाक कशाची? मी मायक्रोफोन घेतला. पहिल्यांदा शक्ती कमी ठेवून बोलले. सरांना कमी ऐकू येतं, शिवाय त्यांच्या घरामागे नवा ट्रान्सफॉर्मर बसल्यापासून तिकडे खरखर फार. माझा आवाज त्यांच्या अलीकडेच कुठेतरी विरला. शक्ती वाढवली, आणि ती ठिणगी पडली. एका कंडेन्सरच्या पात्यांमध्ये तीन महिन्यांची दमट धूळ साठली होती. तिच्यावरून वीज उडी मारून गेली, आणि जाताना पात्याचा टवका उडवून गेली. एकदा करपलेल्या जागी ठिणगी पुन्हा पुन्हा पडत राहते. तो कंडेन्सर संपला.

मी वेंगुर्ल्याला फोन केला. सरांचा मुलगा विनय बोलला.

"काकू, बाबांना सांगितलंय हो. काका गेले त्याच दिवशी सांगितलं. खूप रडले. दुपारी झोपून उठले आणि विसरले."

"विसरले म्हणजे?"

"दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. परत पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. डॉक्टर म्हणतात, आता हे असंच. माझं नाव चुकतात, पण सेट सुरू करायला चुकत नाहीत. आम्ही सांगणं सोडलं, काकू. काका गावाला गेलेत म्हणतो."

"मी फोनवर बोलू का त्यांच्याशी?"

"फोनवरचा आवाज ओळखत नाहीत ते. रेडिओवर बोला. काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, मी त्यात पडत नाही. पण कुणीतरी उत्तर द्यायला हवं हो. हाक मारून थांबतात ना, तेव्हाचं त्यांचं तोंड…"

त्यानंतर मी कंडेन्सर निवडू लागले.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि आबांच्या कॉफीच्या बरण्या रिकाम्या केल्या. खिडकीतून पौषातलं तिरपं, मधाळ ऊन त्या धातूंवर यायचं आणि जुन्या देवघरातल्या उपकरणांसारखं सगळं चकाकायचं. काचेच्या नळीत बंद केलेला, हवासुद्धा नसलेला एक उंची कंडेन्सर होता. आबांनी तो कुणाकडून तरी हौसेने मिळवला आणि कधीच लावला नाही, कारण तो फिरवताना काही जाणवत नाही, असं त्यांचं म्हणणं. लष्करी सेटमधून निघालेले अभ्रकाचे होते, जाड, पिवळट, साखरेच्या पाकात बुडवून काढलेल्या वडीसारखे. ते विश्वासाचे, पण त्यांची धारणशक्ती, म्हणजे वीज साठवायची ताकद, ठरलेली, कमीजास्त होत नाही, आणि आमची तार तर दवाने भिजली तरी मिजाज बदलते. मातीच्या टिकल्यांसारखे चपटे, स्वस्त कंडेन्सर ढिगाने होते. मी त्यांच्यावरचे आकडे वाचले, मीटरने एकेक मोजला, हवा तो आकडा नेमका जुळेल अशी त्यांची माळ केली आणि मोठ्या समाधानाने पेटीत लावली. आकडे जुळले की पुस्तक सापडतंच, हा माझा जन्माचा अनुभव. सेट सुरू करून पाहिला, तर परत येणारी शक्ती दाखवणारा काटा आधी शहाण्यासारखा खाली आला, आणि बघता बघता सरकत सरकत वर चढला. टिकल्यांना हात लावला तर चटका बसला. त्या रविवारीही सर हाक मारून थांबले आणि मी ऐकत बसले.

मग तुमची कुंदाआजी आली. कुंदा कांबळे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली माझी मैत्रीण. परवान्याची परीक्षा आम्ही दोघींनी एकाच बाकावर बसून दिली होती. संक्रांतीच्या तिळाच्या वड्या घेऊन मुलुंडहून आली आणि डबा ठेवायला टेबलावर जागा मिळेना, तेव्हा दारातच सुरू झाली.

"हे काय गं, भंगाराचं दुकान काढलंस?"

"कंडेन्सर निवडतेय."

"मागच्या वेळी फोन केला तेव्हाही निवडत होतीस. कंडेन्सर निवडतेयस की जावई?"

"मुलगी कुठेय मला?"

"म्हणूनच ह्याच्या मागे लागलीस." पेटीत डोकावून तिने ती माळ बोटाने उचलली. "आणि ही टिकल्यांची माळ कोणी घातली?"

"आकडा बरोबर आला होता मीटरवर."

"येणारच. मीटर चिमूटभर वीज सोडतं. खरा भार आला की तापतात मेल्या, आणि तापल्या की आकडा सरकतो. नोकरीत पाहिली नाहीस अशी माणसं? मुलाखतीत एकदम झकास."

मी हसले, पुष्कळ दिवसांनी. तिने चहा स्वतःच टाकला, आल्याचा तुकडा ठेचला, आणि पाठमोरीच म्हणाली, "कोणता लागतो ते तुला पहिल्या दिवशीच कळलंय. तू टाळतेयस."

मी मीटरच्या तारा गुंडाळू लागले.

"काय सांगायचं सरांना, हेच ठरत नाहीये ना?"

"खरं सांगितलं तर ते रडणार, आणि दुपारी विसरणार. मग ते रडणं कशासाठी, कुंदा?"

"मग सांग गावाला गेलेत."

"ते एकदा म्हटलं, की पुढच्या रविवारी परत म्हणायचं. दर रविवारी म्हणायचं. आणि असं म्हणता म्हणता एक दिवस माझाच विश्वास बसेल. मी दार वाजलं की उठेन."

चहा उकळून वर आला तेव्हा तिने गॅस बारीक केला. "बरं," ती म्हणाली. "पण पेटी जळकी ठेवणं म्हणजे काही ठरवणं नव्हे, गं. आधी बोलता येऊ दे. मग गप्प बसायचं तर बस."

टेबलाच्या कडेला, माझ्या जुन्या वायलच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक कंडेन्सर मी सगळ्यांपासून वेगळा ठेवला होता. बोरीवलीच्या ह्या घरात आलो तेव्हा आमच्याकडे माझ्या माहेरचा लाकडी रेडिओ होता. तो कायमचा बंद पडल्यावर आबांनी त्यातून हा कंडेन्सर काढून ठेवला. बटण फिरवलं की अजून लोण्यातून सुरी फिरल्यासारखी त्याची पाती फिरतात. पण तो ऐकण्यापुरता केलेला, बोलण्यासाठी नव्हे. ऐकायला कणभर वीज पुरते, म्हणून त्याची पाती अगदी जवळजवळ, दाटीने बसवलेली. बोलण्याचा दाब त्यांच्यावर आला तर क्षणात ठिणगी पडणार.

कुंदाने तो खिडकीशी उजेडात धरला, एक डोळा मिटून फटींतून आरपार पाहिलं आणि म्हणाली, "हाच घे. एकाआड एक पाती काढून टाक."

ही आमच्या लोकांची जुनी रीत आहे. फिरत्या आणि स्थिर अशा दोन्ही संचांतलं दर दुसरं पातं उपटून काढायचं, आणि उरलेली सरकवून पुन्हा एकमेकांच्या मधोमध आणायची. अंतर वाढतं. धारणशक्ती घटते, जेमतेम पाव हिस्सा उरते. पण जो दाब आधी सोसत नव्हता तो आता सोसतो. कमी पडेल ते शेजारी एक अभ्रकाचा कंडेन्सर जोडून भरून काढायचं. कुंदा हे नुसतं गणित म्हणून सांगत होती.

"हे परत लावता येणार नाही," मी म्हणाले.

"नाहीच येत. म्हणून तूच काढ. मी पकडते."

तिने कंडेन्सर जुन्या टॉवेलात घट्ट धरला आणि मी चिमट्याने पहिलं पातं ओढलं. ते सहज आलं नाही. थोडं मागेपुढे हलवावं लागलं, मग दुधाचा दात निघावा तसं हलकेच टक् करून सुटलं. मी ते स्टीलच्या वाटीत ठेवलं. दुसरं, मग तिसरं. आमच्या रेडिओवर सकाळच्या बातम्या लावताना आबांची बोटं ह्याच पात्यांना फिरवत असायची, तुमचा बाबा मांडीवर असायचा, बाहेर तेव्हा इमारती कमी आणि झाडं जास्त होती. वाटी भरत गेली. कंडेन्सर दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसू लागला. आणि आधी जिथे नुसता धातू दिसे तिथून आता पलीकडचं दिसत होतं, खिडकी, गज, गजांवरचं ऊन. कुंदाने एरवी एवढ्या वेळात चार टोमणे मारले असते. तिने एकही मारला नाही.

बोलायचा दिवस उजाडला तेव्हा फाल्गुन लागला होता. उद्यानाच्या कडेची काटेसावर निष्पर्ण आणि लालभडक झाली होती, आणि हवेत उन्हाने तापू लागलेल्या सुक्या गवताचा वास होता. कुंदा आदल्या संध्याकाळीच राहायला आली होती. मी सेट सुरू केला आणि कंडेन्सर हलके हलके फिरवला. काटा थरथरत खाली आला, अगदी तळाशी टेकला, आणि तिथेच राहिला. शक्ती वाढवली. काही चमकलं नाही, कसलाच वास आला नाही. सरांनी हाक मारली, थांबले, आणि त्या घोटभर अवकाशात मी माझं स्वतःचं संकेतनाम घातलं.

"अरे! वहिनी!" खरखरीतून त्यांचा आनंद उसळून आला. "किती दिवसांनी! आवाज खणखणीत हां तुमचा. आणि राजाभाऊ खंय गेलो? ओव्हर."

तुम्ही फोनवर बोलता तेव्हा दोघंही एकदम बोलू शकता. आमच्याकडे तसं नसतं. एकाने बटण दाबून बोलायचं, ओव्हर म्हणून बटण सोडायचं, आणि मग उरतं ते फक्त ऐकणं. बोललेलं सावरून घेता येत नाही. कुंदा माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. मी दोन वाक्यं तयार ठेवली होती, एक खरं आणि एक सोपं. बटण दाबलं तेव्हा कोणतं येणार ते मला माहीत नव्हतं.

"सर, राजाभाऊ गेले. भाद्रपदात गेले. ओव्हर."

बराच वेळ नुसता खरखरीचा ओढा वाहत राहिला. मग पलीकडे बटण दाबल्याचं कळलं, कारण खरखर एकदम थांबली, पण आवाज आला नाही. सरांच्या घरातला कोंबडा ऐकू आला, विहिरीच्या रहाटासारखं काही कुरकुरलं, एक दीर्घ श्वास आला. मग ते म्हणाले, "वहिनी, मी त्याच्या आधीचा. नंबर माझा होता." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही एकट्याच आहात काय तिथे?"

"कुंदा आहे, सर."

"असू दे. तिला तिथेच थांबू दे." मग त्यांचा स्वर बदलला. तो वर्गातला झाला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "ह्या वारंवारतेवर जी कोणी स्टेशनं आहेत, त्यांनी कृपया थांबावं."

आमच्या ह्या जगात कुणी गेलं, की त्याची कळ, म्हणजे संदेश ठोकायची किल्ली, मूक झाली असं म्हणतात, आणि त्याला त्याच्या संकेतनामाने एकदा शेवटची हाक मारतात. आबांच्या वेळी गटांवर संदेश आले, फुलांची चित्रं आली, माणसं घरी येऊन माझे हात हातात घेऊन बसली. पण ज्या हवेत ते इतकी वर्षं बोलले तिच्यात त्यांचं नाव कुणी उच्चारलंच नव्हतं. ते सरांनी उच्चारलं. एकेक अक्षर सुटं करून, तेवढंच स्पष्ट, जेवढं दर रविवारी. आणि थांबले. पुन्हा उच्चारलं, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा उच्चारून थांबले, ते एक घोट जास्त थांबले. त्या वारंवारतेवर रविवारी सकाळी कुणी ना कुणी असतंच. पण त्या वेळी कुणीही मध्ये बोललं नाही. मग सर म्हणाले, "उत्तर नाही. राजाभाऊ, आता कळेवरचा हात काढ. तुझं सगळं आम्ही ऐकलं."

तेव्हा मी रडले, मुलांनो. मायक्रोफोनचं बटण सोडलेलं आहे ना, एवढी खात्री करून घेतली, आणि रडले. कुंदाने सेटचा आवाज बारीक केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

दुपारी विनयचा फोन आला. "बाबा जेवले नाहीत आज," तो म्हणाला. "देवाजवळ बसून होते. डोळ्यांतून सारखं पाणी. आता झोपून उठलेत." मी विचारलं, "आणि?" तो म्हणाला, "आणि विचारतायत, राजाभाऊंना हाक मारायची राहिली का आज. काकू, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्या वाटीतल्या पात्यांकडे बघत बसले. ज्याने निरोप दिला त्याच्याजवळ तो निरोप उरला नव्हता. उपाशी राहिलेलं पोट तेवढं त्यांचं होतं, आणि ते कशासाठी उपाशी आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आबांना दिलेली ती शेवटची हाक आता मीच सांभाळायची होती. आणि ती मला सरांनी दिली होती, एका अख्ख्या सकाळच्या दुःखाची भर घालून. असं दान माणसाकडून एकदा घ्यावं. दर रविवारी मागू नये.

पुढचा रविवार आला. सरांनी हाक मारली, तीच अक्षरं, तोच उत्साह, जणू काही घडलंच नाही. मी उत्तर दिलं. रेडिओवर दुसऱ्याला पहिल्यांदा सांगायचं असतं, ते हे, की त्याचा आवाज आपल्यापर्यंत कसा पोचतो आहे. बाकी सगळं नंतर. मी तेच सांगितलं. "सर, तुमचा आवाज अगदी स्वच्छ येतोय." त्यांनी विचारलं, राजाभाऊ खंय. मी म्हणाले, "आज मी आहे, सर." त्यात खोटं काही नव्हतं. ते "बरं बरं" म्हणाले, आणि मग विचारलं, "वहिनी, ट्यूनर बदललात काय?" मी त्यांना माहेरच्या रेडिओतल्या कंडेन्सरची हकिकत सांगितली, एकाआड एक पाती कशी काढली ते सांगितलं, आणि अंतर वाढलं की काय घटतं आणि काय वाढतं ते त्यांनी मला फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं सविस्तर समजावून दिलं.

त्यानंतर दर रविवारी ते विचारतात, दर रविवारी मी ती हकिकत पहिल्यापासून सांगते, आणि ते ती पहिल्यांदाच ऐकतात. मला कधी वाटतं मी त्यांना सांभाळते आहे. कधी वाटतं, ते मला. वाटीतली पाती मी अजून कुठल्याही बरणीत घातलेली नाहीत. कोणत्या बरणीत घालायची ते ठरत नाही, आणि न ठरण्याचा पूर्वीइतका त्रासही होत नाही. रविवारी चहाचा कप सेटशेजारी ठेवते. सरांची हाक येते, मग ते थांबतात. हल्ली मी उत्तर देण्याआधी एक घोट चहा घेते. तो का घेते ते मला तुम्हाला नीट सांगता येणार नाही. पलीकडे सर तेवढा वेळ थांबलेले असतात.